अण्णांची झोप आणि आमचा टर्बो

आमच्या घरात कोणाला गाडी चालवता येते आणि कोणाला नाही, हे अण्णांच्या घोरण्यावरून ठरतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. बत्तीस वर्षं सरकारी लाल बसवर ड्रायव्हर होते, त्यातली निम्मी रत्नागिरी-कोल्हापूर मार्गावर, आंबा घाटात. गुडघ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून स्वतः चालवत नाहीत, दुसऱ्याच्या शेजारी बसतात. ड्रायव्हर पसंत पडला तर पाच मिनिटांत मान खांद्यावर पडते आणि घोरणं सुरू होतं. नाही पडला तर ताठ बसतात, समोर बघतात आणि उजव्या पायानं नसलेला ब्रेक दाबत राहतात. आजवर दोघंच पास झालेत. एक त्यांच्याच डेपोतले जुने सहकारी आणि दुसरा लांज्याचा एक काजूचा टेम्पोवाला. मी अठरा वर्षं गाडी चालवतोय. माझ्या शेजारी अण्णांनी साधी जांभईसुद्धा दिलेली नाही!

मला ते लागतं. हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या, शेहेचाळीस वर्षांच्या, टक्कल पडू लागलेल्या माणसाला वडिलांनी आपल्या शेजारी एकदा तरी झोपावं असं वाटणं हास्यास्पद आहे, हे मला कळतं. पण वाटतं खरं.

त्यात मला गाड्यांचं वेड. आमची जुनी हॅचबॅक मंजिरीनं (म्हणजे माझ्या बायकोनं) नवी गाडी आल्यावर विकायला काढली होती, ती मी अडवली आणि आमच्या रत्नागिरीजवळच्या कुवारबावच्या मुन्ना मेस्त्रीच्या हवाली केली. दोन वर्षं तो तिच्यावर काम करत होता. इंजिनाला टर्बो बसवला, रुंद टायर घातले, पुढे खोलगट शर्यतीच्या खुर्च्या आणि चार पट्ट्यांचे बेल्ट लावले. वजन कमी करायचं म्हणून मागचं बाकडं आणि खालचा गालिचा काढून टाकला. मागे उरला नुसता उघडा पत्रा.

"टर्बो म्हणजे काय रे?" अण्णांनी विचारलं.

"सायलेन्सरमधून फुकट जाणारा धूर एक चक्री फिरवतो, अण्णा. ती चक्री इंजिनात जास्त हवा कोंबते. मग ताकद वाढते."

"म्हणजे लोहाराचा भाता. आणि एवढ्या जोरात जायचं कुठं?"

"कोल्हापूरकडे एक ट्रॅक आहे, तिथं. हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन येतात, दिवसभर पळवतात. वेळ मोजतात."

"ट्रॅक जातो कुठं?"

"कुठंच नाय. गोल फिरून परत तिथंच येतो."

"मग जायचं कशाला मेल्या?" अण्णा म्हणाले.

पण मी हट्टानं त्यांना सोबत चला म्हटलं. घाटात नाही तर नाही, निदान ट्रॅकवर मला बघून तरी त्यांचं मत बदलेल, असा माझा हिशोब होता. मंजिरीचं माहेर कोल्हापूरचं. ती दोन दिवस आधीच बसनं तिकडे गेली होती. ठरलं असं, की जाताना मी आणि अण्णा गाडीतून जाऊ आणि येताना अण्णा आणि मंजिरी बसनं परत येतील. सगळं सरळ होतं. फक्त महिना मे होता आणि घरात आई होती.

मे महिन्यात आमच्याकडचा माणूस रिकाम्या हातानं घाट चढत नाही. तसा कायदा नाही, पण चढून दाखवा! त्यात जायचं व्याह्यांच्या गावाला. आदल्या दिवशी संध्याकाळी मी बाजारातून आलो, तर अंगणात गाडीचं मागचं दार उघडं आणि आई कमरेपर्यंत आत.

"आई, काय करतेस?"

"आंबे भरत्ये. किती जागा केलीस रे मागे! पहिल्यांदाच काहीतरी कामाचं केलंस."

"अगं, ती जागा आंब्यांसाठी नाही! मी वजन कमी केलंय! बावीस किलो!"

"हो ना. म्हणून तर एवढे मावले."

मी वाकून बघितलं. आईनं पेट्या घेतल्याच नव्हत्या. पावस गावच्या आमच्या कलमांचे आंबे अजून अर्धकच्चे होते आणि उघडा पत्रा तापतो म्हणून तिनं गाडीतच अढी घातली होती! घरी माळ्यावर आंबा पिकत घालतात तशी. खाली वीतभर भाताचा पेंढा, त्यावर आंब्यांचा थर, वर पुन्हा पेंढा, पुन्हा थर. अशी ती खिडकीपर्यंत आली होती. मुन्नानं दोन वर्षं खपून हलकी केलेली गाडी मागून जमिनीला टेकायची बाकी होती.

"वाटेत पिकतील," आई म्हणाली. "तुझ्या गाडीत ऊब चांगली आहे."

सकाळी पाचला निघालो. अण्णांना त्या खोलगट खुर्चीत बसवायला दहा मिनिटं लागली. गुडघे वाकत नाहीत, म्हणून आधी त्यांना आडवे आत सरकवले आणि मग सरळ केले. चार पट्ट्या आवळल्यावर ते म्हणाले, "आता मला विसर्जनाला नेतोस की कोल्हापूरला?"

पाली गेली, साखरपा गेला, अण्णा टक्क जागे. घाट सुरू झाला. मी गिअर बदलला आणि टर्बोतली जादा हवा बाहेर पडून आवाज आला: फुश्श!

"थांब!" अण्णा ओरडले. "एअर लीक हाय!"

"नाय अण्णा, तो टर्बोचा आवाज. तसाच येतो."

"मला शिकवतोस? हवा गेली की ब्रेक गेला! गाडी बाजूला घे!"

बसचे ब्रेक हवेवर चालतात. बत्तीस वर्षं ज्या आवाजाला अण्णा सर्वांत जास्त घाबरले, तोच आवाज मी हौसेनं गाडीला बसवून घेतला होता. घाटात मी अंदाजे साठ वेळा गिअर बदलला. साठ वेळा फुश्श, साठ वेळा "थांब!" आणि त्यातल्या चार वेळा मी खरंच थांबलो, कारण त्याशिवाय ते ऐकेनात. चारही वेळा त्यांनी मला खाली उतरवून चाकामागे दगड लावायला लावला. (दगड त्यांनी घरूनच आणला होता.) एका वळणावर आम्हाला एका लाल बसनं ओव्हरटेक केलं. अण्णांनी तिच्या ड्रायव्हरकडे अशा मायेनं बघितलं, जसं माझ्याकडे आजवर कधी बघितलेलं नाही.

ट्रॅकवर पोचलो तेव्हा मंजिरी फाटकाशी उभी होती. तिनं भावाकडून चार क्रेट आणले होते. आजूबाजूला ठेंगण्या, रंगीबेरंगी, डरकाळ्या फोडणाऱ्या गाड्या आणि त्यांचे गॉगल लावलेले मालक. मध्ये आम्ही. मी मागचं दार उघडलं आणि हापूसचा असा घमघमाट सुटला, की तीन गॉगल एकदम वळले. आईचं खरं होतं. वाटेत पिकले होते.

तपासणीला एक उंच मार्शल, म्हणजे ट्रॅकवरचा पंच, आला. त्यानं वाकून आत पाहिलं.

"पावणं, कोकणातनं काय?"

"हो. कसं ओळखलंत?"

"हे काय विचारनं झालं?" तो म्हणाला. "बरं, नियम ऐका. गाडीत सुटं सामान एक नको. हेल्मेट पायजे. खिडक्या फुल खाली. मागचं समदं काढा, मग स्टिकर देतो."

मी आणि मंजिरीनं आंबे क्रेटमध्ये काढले. अण्णा मोजत होते. दोनशे चौदा भरले. एवढं होईपर्यंत माझ्या गटाचं नाव पुकारलं गेलं. पेंढा तसाच होता.

"अहो, तो पण काढा ना," मंजिरी म्हणाली.

"वेळ नाही. आणि पेंढा काय सामान आहे?"

मी त्यावर घरून आलेलं गोणपाट अंथरलं, कडा नीट खाली खोचल्या. मार्शल परत आला तेव्हा मागे एक तपकिरी, सपाट, सभ्य असं काहीतरी दिसत होतं.

"हे काय?"

"गालिचा," मी म्हणालो. वर्गात कॉपी करणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यावर जो भाव असतो, तो माझ्या चेहऱ्यावर आला असणार. पण मार्शल शिक्षक नव्हता. त्यानं स्टिकर लावला.

पहिली फेरी मी जपून मारली. कठड्याशी अण्णा उभे होते, दोन्ही हात मागे बांधून, डेपोत गाडी आत येताना बघावं तसे. त्यांना बघून मला जोर चढला. दुसऱ्या फेरीत सरळ पट्टा आला. मी पाय दाबला, टर्बोनं हवा ओढली, गाडी अशी सुटली की पाठ खुर्चीला चिकटली. दुसरा गिअर, तिसरा, चौथा! आयुष्यात एवढ्या वेगानं मी कधी गेलो नव्हतो. आणि अण्णा बघत होते!

एवढ्यात खिडक्यांमधून आलेल्या वाऱ्यानं गोणपाट उचललं.

पहिल्यांदा मानेला एक काडी लागली. मग कानात एक गेली. मग आमच्या आईनं प्रेमानं अंथरलेला अख्खा पेंढा एका दमात उठला आणि गाडीत गरागरा फिरू लागला! काच दिसेना, स्टिअरिंग दिसेना. उकडतं म्हणून मी हेल्मेटची काच वर केली होती, ती चूक तेव्हा कळली. डोळ्यांत, नाकात, तोंडात पेंढा. मी ओरडायला तोंड उघडलं, तर आणखी मूठभर आत गेला. काही दिसत नसताना करण्यासारखं एकच काम मला आठवलं. मी ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग सरळ धरलं. गाडी हिसके देत ट्रॅकवरून उतरली, गवतातून गेली आणि थांबली. कुठंही न धडकता. ते गवत त्यांचं होतं, एवढं मला नमूद करायचंय. बाकी सगळं आमचं.

बाहेरून जे दिसलं ते मंजिरीनं नंतर सांगितलं. गाडीच्या दोन्ही खिडक्यांतून पेंढ्याचे लोट निघत होते, मागच्या पाच गाड्यांच्या काचांवर बसत होते. मार्शल लाल झेंडा घेऊन धावला. लाउडस्पीकरवर घोषणा झाली, की ट्रॅकवर गवत पडल्यामुळे सेशन थांबवण्यात येत आहे. मग मला झाडू देण्यात आला. मुन्नाचे रुंद टायर, टर्बो, चार पट्ट्यांचा बेल्ट, सगळं एका बाजूला. मी सरळ पट्टा झाडत होतो, जिथं मी नुकताच आयुष्यातल्या सर्वोच्च वेगानं गेलो होतो. झाडताना तो फारच लांब वाटला.

गॉगलवाले चिडले होते. एकजण आपल्या गाडीच्या पुढच्या जाळीतून चिमट्यानं काड्या काढत माझ्याकडे बघत होता. शेवटी मंजिरीनं एक क्रेट उघडला.

"घ्या, पावसचा आहे," ती म्हणाली.

एकानं घेतला. मग दुसऱ्यानं. अर्ध्या तासात ट्रॅकवरचे सगळे लोक गाड्यांच्या बॉनेटवर बसून, कोपरापर्यंत रस ओघळत, आंबे चोखत होते. मार्शलनं सहा खाल्ले. त्यानंतर त्यानं मला एवढंच सांगितलं, की पुढच्या वर्षी पण या, फक्त गाडी आणू नका. चारही क्रेट संपले. माझ्या सासरी त्या वर्षी त्यांचेच क्रेट मोकळे परत गेले.

मी अण्णांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. डोळे सुजून बारीक झाले होते. अण्णा वाकून गाडीची चाकं बघत होते. काहीच दिसत नसताना मी गाडी सरळ ठेवली होती, कुणाला धक्का लागू दिला नव्हता. हे त्यांना नाही कळणार तर कुणाला?

"ब्रेक," अण्णा म्हणाले, "चांगले आहेत."

"अण्णा, आणि चालवणारा?"

"मुन्नानं काम बरं केलंय," ते म्हणाले.

दुपारी निघायची वेळ झाली तोवर माझे डोळे पूर्ण मिटले होते. ट्रॅकवरच्या डॉक्टरांनी थेंब घातले आणि आज गाडी चालवायची नाही असं बजावलं. मला बसनं पाठवावं असा ठराव आला, पण मी गाडीला सोडायला तयार नव्हतो. तेव्हा मंजिरीनं माझ्या हातातून किल्ली घेतली. अण्णा पुढे बसले. मी मागे, उघड्या पत्र्यावर, उरलेल्या पेंढ्यात.

"वाटेत पोलीस दिसला तर आडवे व्हा," मंजिरी म्हणाली. "वर गोणपाट टाका."

तिनं गाडी सुरू केली. ती रोज नव्या गाडीनं पावसच्या शाळेत शिकवायला जाते, पण ही तिनं कधी चालवली नव्हती आणि अण्णा तिच्या शेजारी कधी बसले नव्हते. मी मागून सूचना द्यायला सुरुवात केली. क्लच जपून सोड, टर्बो एकदम ओढतो, गिअर बदलताना घाबरू नकोस. तिनं गिअर बदलला. फुश्श!

मी "थांब"ची वाट बघितली. ते आलंच नाही.

"अण्णा?" मी विचारलं.

पुढून एक लांब, समाधानी, खर्जातला आवाज आला. आम्ही अजून मलकापूरसुद्धा गाठलं नव्हतं!

मग घाट लागला. दर वळणाला फुश्श आणि त्यावर अण्णांचं घोरणं, एका लयीत, साखरप्यापर्यंत. मला मागे काही दिसत नव्हतं. मी पेंढा दोन्ही मुठींत धरून बसलो होतो आणि प्रत्येक वळणावर माझा उजवा पाय आपोआप नसलेला ब्रेक दाबत होता.

घरी उतरलो तेव्हा पोटरीत गोळा आलेला, मी लंगडत होतो. "ट्रॅकवर लागलं वाटतं रे," आई कळवळून म्हणाली. मी हो म्हणालो.