वाळलेलं पान

देवळीच्या शाळेतले आमचे शिपाई आधी लडाखला फौजेत होते. चैत्रातल्या उन्हातही डोक्यावर लोकरी टोपी. मी हसलो की म्हणायचे, "गुरुजी, तिथल्या झाडायलेबी लोकर असते. उभं राह्यलं त गारठून मरते, म्हणून झाड जमिनीले चिकटून बसते. वाळलेलं पानबी फेकत नाई, कोंबाभोवती गुंडाळून ठेवते."

मला ही फौजी थाप वाटायची.

पौषातल्या एका सकाळी व्हरांड्यात पहिलीची पोरं कुडकुडत होती. शिपायांनी रांगा मोडून सगळ्यांना एकमेकांना खेटून बसवलं.

"रांग काऊन मोडली?" मी ओरडलो.

त्यांनी आपली टोपी सगळ्यात बारक्या पोरीला घातली आणि वारा येत होता त्या बाजूला पाठ करून बसले.

"वाळलेलं पान बसलं जागेवर, गुरुजी. आता शिकवा."