मागं अडकलेली सोंगटी

ऊसतोडीला जाऊन मला मास्तर केलेल्या आईवडिलांसोबत राणीसावरगावी पट मांडला. मुलीनं पुण्याहून आणलेल्या या खेळात पूर चढायच्या आत चौघांनी नावेत बसायचं; एक जरी मागं राहिला तर सगळेच हरले. नियम मीच वाचून दाखवले आणि माझी सोंगटी सगळ्यांत आधी नावेत बसवली. वडिलांची मागं अडकली. आईनं नावेपाशी आलेली आपली सोंगटी त्यांच्याकडं माघारी फिरवली.

"आई, बुडायलीस!" मी खेकसलो.

"उसाच्या फडात तोडणारा पुढं पळाला अन् मोळ्या मागंच राहिल्या, तर गाडी भरती का रे?"

वडिलांना घेऊनच ती आली. आम्ही जिंकलो. पुढच्या डावाला मी नियमांचं पुस्तक उघडलं, तशी मुलगी म्हणाली, "बाबा, राहू द्या. नियम आजी सांगेल."

आईला वाचता येत नाही. नोकरीची ऑर्डर आली तेव्हाही माझी छाती इतकी फुगली नव्हती.