बाईंचा वाटा

"खिडकीशी चला," बाई म्हणायच्या. प्लेट हातात आली की ट्यूबलाइटखाली त्या कधी बघायच्याच नाहीत. खिडकीच्या उजेडात प्लेट धरून, मान तिरकी करून उभ्या राहायच्या, आणि तोवर आम्ही श्वाससुद्धा हळू घ्यायचा. असं एखादं माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. त्याच्यापुढे चहा पितानाही आपण सावरून बसतो.

नागपुरातल्या एका सरकारी दवाखान्यात, सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस, त्या जंतुशास्त्राच्या डॉक्टर आणि मी त्यांच्या हाताखाली टेक्निशियन. गरोदर बायकांची लघवी आमच्याकडे तपासायला यायची. तिच्यातले जंतू काचेच्या प्लेटवर वाढवायचे आणि त्यावर औषधाच्या टिकल्या ठेवायच्या. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ कडं दिसतं. इतकं साधं काम. पण बाईंनी ते कधी साधं राहू दिलं नाही.

एकदा कुहीकडच्या एका सुनेची प्लेट आली. सातवा महिना, ना ताप ना जळजळ, चेहरा कसा टवटवीत. पण आधीची दोन बाळं दिवस भरायच्या आत आली आणि गेली होती. प्लेटवर जंतू थेट टिकल्यांना भिडलेले. एका टिकलीभोवती तेवढं कडं होतं.

"खिडकीशी चला," बाई म्हणाल्या आणि प्लेट उजेडात फिरवून बघितली. मग म्हणाल्या, "हे मूत्रपिंडात चढलं ना भाऊ, तर हेही बाळ जाईल."

सासूला बोलावलं. ती वैतागलेलीच आली. "पोरगी ठणठणीत हाय. काहून घाबरवून राहिल्या तिले?"

"मागे कॅप्सूल दिल्या होत्या, त्या हिनं पूर्ण घेतल्या का?" बाईंनी विचारलं.

"घेतल्या न. तिघी सुनांयनं वाटून घेतल्या. आमच्या घरी एकीले एक अन् दुसरीले दुसरं, असं नाही होत."

म्हातारी अभिमानानं सांगत होती हो. कणकण आली, पोट दुखलं, की प्रत्येकीला सारखी एकेक. मला हसू फुटलं. बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते तिथंच गिळलं. अर्धवट औषधानं जंतू मरायचे सोडून निर्ढावले होते.

मला वाटलं, आता खरडपट्टी निघणार. पण बाई उठल्या आणि स्वतः जाऊन गोळ्यांच्या दोन पुड्या घेऊन आल्या, त्यातली एक कडं पडलेल्या औषधाची. "मावशी, या लाल गोळ्या रक्तवाढीच्या. तिघींना सारख्या वाटा. या पिवळ्या मात्र पोटातल्या बाळाच्या. त्याच्या वाट्याला कोणी हात लावायचा नाही."

म्हातारीनं सुनेच्या पोटाकडे पाहिलं. "लेकराचा वाटा हाय, त मंग कोन खाईन?"

औषध संपल्यावर पुन्हा तपासायला यायचं होतं. ठरलेल्या दिवशी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाई चिडक्या झाल्या, माझ्यावर, काचेच्या नळ्यांवर, एस.टी.वर. दाराशी पाऊल वाजलं की त्यांची मान वळायची. शेवटी दोघी आल्या; चिखलानं रस्ता बंद होता म्हणे. दुसऱ्या सकाळी प्लेट काढायला गेलो तर बाई माझ्या आधी हजर. "आज तुम्ही धरा," म्हणाल्या. मी प्लेट खिडकीशी धरली. कोरी होती, जंतूंचा एक ठिपका नाही. बाई स्टुलावर बसल्या आणि पदरानं चष्मा पुसत राहिल्या.

दिवाळीनंतर म्हातारी डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आली. दिवस भरून, चांगला गुटगुटीत नातू झाला होता. तिनं आमच्या प्रत्येकाच्या हातावर सारखा एकेक लाडू ठेवला. एक उरला.

"बाई कुठं हायेत?"

बाई त्याच महिन्यात गेल्या होत्या, धरमपेठेतल्या घरी, झोपेतच. नातवाची बातमी त्यांना कळायला हवी होती. म्हातारीला सांगितलं.

म्हातारी खिडकीपाशी गेली आणि तो लाडू तिथं ठेवला.

"त्यायचा वाटा हाय," म्हणाली. "कोनी हात नोका लावू."