हायब्रीड तार आणि आमचं पार्टिशन

टक्... टक्... टक्...

कागदावर नखानं हलकेच टिचकी मारल्याचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. मंठ्याच्या शाळेत मी मराठी शिकवायचो आणि लाकडी पार्टिशनच्या पलीकडे खरात सर विज्ञान. कागदाखाली लोहचुंबक, वर लोखंडाचा कीस... सर टिचकी मारायचे आणि कीस रांगोळीसारखा सजून बसायचा.

इकडे माझा वर्ग चालीवर कविता म्हणायचा. मग पार्टिशनवर थाप पडायची, "कविराज, आवाज कमी! माझा चुंबकसुद्धा डोलून राह्यला!"

या मैत्रीला माझ्याच चार ओळी नडल्या. सरांच्या निरोप समारंभात मी गंमत म्हणून त्यांना 'गंजलेला चुंबक' म्हणालो. सगळे हसले... सर हसले नाहीत. नारळ खुर्चीवरच ठेवून निघून गेले. आठ वर्षं झाली, बाजारात मी दिसलो की ते रस्ता बदलतात. जन्मभर शब्द शिकवले, पण माफीचे दोन शब्द काही जुळले नाहीत.

परवा नात आली, शर्वरी. ती पुण्याला भौतिकशास्त्रात संशोधन करते. म्हटलं, बाई, मला कवितेसारखं समजावून सांग.

"आबा, कडाक्याच्या थंडीत काही धातूंमधून वीज जराही वाया न जाता वाहते. त्यांना सुपरकंडक्टर म्हणतात. तिथले इलेक्ट्रॉन जोडीनं चालतात, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे."

"म्हणजे फुगडी!"

"बराबर! आणि चुंबकाला सगळ्यांची तोंडं एकीकडेच लागतात."

"म्हणजे पी.टी.चा तास... फुगडी मोडलीच की!"

म्हणूनच सुपरकंडक्टर आणि चुंबकाचं पटत नाही म्हणे. पण शर्वरीचे लोक केसापेक्षाही शेकडो पट बारीक तार घेतात. तिच्या एका अंगाला सुपरकंडक्टरचा थर, दुसऱ्या अंगाला चुंबकाचा. दोघं आपापल्या जागी राहतात, पण मधल्या तारेत दोघांचाही गुण उतरतो. ही हायब्रीड तार. त्यातून काही अगदी नवं हाती लागेल का, हे अजून कुणीच खात्रीनं सांगू शकत नाही.

मला आमचं पार्टिशन आठवलं. पलीकडच्या टिचकीवर माझी पोरं नकळत कवितेचा ठेका धरायची...

त्याच तंद्रीत मी चहाच्या हॉटेलात सांगून बसलो, "आमची नात हायब्रीडवर संशोधन करून राह्यली." आता आपल्या जालना जिल्ह्यात हायब्रीड म्हणजे एकच... बियाणं!

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे बाबूराव दारात. "मास्तर, कपाशीचं हाय का? आमच्यासाठी दोन बॅगा ठिवा. बोंडअळी तर न्हाई ना लागत?"

शर्वरी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "अळी न्हाई लागत काका, पण थंडी लई लागते." बाबूराव विचारात पडूनच परत गेले. दुपारपर्यंत आणखी तिघं येऊन गेले.

आज चारच्या सुमाराला दारावर पुन्हा आवाज आला. कडी नव्हे, हाताची थापही नव्हे... नखाची टिचकी. टक्... टक्... टक्...

दार उघडलं तर खरात सर! उन्हातून पायी आलेले, घामाघूम, रागानं लाल.

"कविराज, काही वाटतं का तुम्हाला? फिजिक्सच्या पोरीला बियाणंवाली करून टाकलं! हॉटेलात सगळ्यांना समजावून आलोय मी."

"तुम्हाला कसं ठाऊक, ती फिजिक्सला आहे ते?"

सर घाम पुसू लागले. "ठेवतो आम्ही खबर... गंजलो असलो तरी."

"चुकलो, सर," मी म्हणालो.

"कोणत्या चुकीबद्दल? बियाण्याच्या?"

"दोन्हींबद्दल."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि म्हणाले, "मंग सरका बाजूला. मला त्या पोरीला विचारायचंय, तारेत चुंबक बसवला तरी जोडी तुटत कशी न्हाई."

मी बाजूला सरकलो... हॉटेलातल्या मित्रांनो, तुमच्या त्या हायब्रीड बियाण्याचे फार फार उपकार!