उतारावरची शर्यत

चिंचवडला आमच्या गल्लीच्या उतारावर मी सकाळी चाकणच्या कंपनीची बस धरतो. तेव्हाच शेजारच्या काकू काकांची व्हीलचेअर ढकलत वर येतात. साठीच्या बाई, खोचलेला पदर, पायात कॅनव्हासचे बूट. माथ्यावर पोचल्या की हँडल सोडून देतात आणि खुर्चीच्या बाजूनं पळायला लागतात. हात हँडलपासून वीतभर लांब. वळणाआधी पुन्हा धरतात.

एकदा मी विचारलं, दमत नाही का, तर म्हणाल्या, "मला पळताना दर पावलाला हे अंग वर उचलावं लागतंय. ह्यांचं चाक नुसतं जमीन धरून जातंय. चाक ज्यानं शोधून काढलं, तो नक्की पळून दमलेला असणार."

परवा खुर्ची जरा जास्तच पुढं गेली. मी घाबरून धावलो आणि ती धरली. काका भडकले.

"सोडा की राव. शर्यत चालू हाय."

काकू धापा टाकत आल्या. रागावल्या नाहीत. "ही बाद," एवढंच म्हणाल्या, खुर्ची वळवली आणि सगळा चढ पुन्हा ढकलत निघाल्या.

तेवढ्यात माझी बस आली. मी ती सोडली. निकाल बघायचा होता.