जखम भरेपर्यंत

आसेगावातल्या माझ्या वयाच्या निम्म्या लोकांच्या पोटावर गोजराबाईची खूण आहे. माझ्या पोटावर दोन आहेत. पोराचं पोट फुगलं, ताप उतरेना, की आया तिला बोलावणं धाडायच्या. ती विळ्याचं टोक चुलीत लाल करायची आणि बेंबीच्या बाजूला टेकवायची. त्यानं एक तरी पोर बरं झालं असेल, असं मला वाटत नाही. पण तेव्हा गावात दुसरं होतं कोण? आणि बाई काही वाईट नव्हती. विधवा, फाटक्या तोंडाची, हसायला लागली की चार घरं ऐकायची. डागल्यावर चुन्याच्या निवळीत जवसाचं तेल फेटून स्वतः लावायची, जखम भरेपर्यंत रोज यायची. पोरं तिला लांबून पाहूनच धूम ठोकत. तिला त्याची मोठी गंमत वाटे.

अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीनंतर दोनतीन वर्षांनी घडलेली ही गोष्ट मला आईनं सांगितली. जगदेवच्या घरी तान्हं पोर आजारी होतं, म्हणून गोजराबाई गेली होती. जगदेवची पुतणी अनसू त्या पोराला कडेवर घेऊन दारात उभी होती. पोरगी सहासात वर्षांची. आईबाप दोघं साथीत गेले, तेव्हापासून ती चुलत्याकडेच होती. गोजराबाईनं सवयीनं विळा दाखवला आणि म्हणाली, "काय वं, तुले बी देऊ का एक डाग?"

पोरगी पळाली नाही. तिनं तान्ह्याला खाली ठेवलं, पोलकं वर केलं आणि डोळे मिटून उभी राहिली.

पोटावर लांबट भाजल्याचे पट्टे होते. काही जुने, काही अजून ओले. गोजराबाईच्या हातातला विळा तसाच राहिला.

"आंधनाचं पानी सांडलं तिच्या अंगावर," आतून जगदेवची बायको कस्तुराबाई म्हणाली.

पाणी सांडलं की सगळी कातडी सोलते, असे सरळ पट्टे उमटत नाहीत. ते उलथन्याच्या कडेचे होते. आणि भाजून घ्यायला पोर आपणहून पुढे येतं, ते रोजचं झाल्याशिवाय येत नाही. गोजराबाई तान्ह्याला न डागताच तिथून निघाली ती थेट पोलीस पाटील मारोतरावांकडे गेली.

पाटलांनी नवराबायकोला पोरीसकट चावडीवर बोलावलं. कस्तुराबाई बिलकूल घाबरली नाही. "हिनंच डागलं माह्या पोरीले, आन् आता माह्यावर घालून राह्यली," ती म्हणाली. जमलेले लोक हसले. हसणारच. अख्ख्या गावाची पोटं डागणारी बाई भाजल्याची तक्रार घेऊन आली होती.

पाटलांनी अनसूला विचारलं, "कोनी डागलं तुले?"

पोरीनं चुलतीकडे पाहिलं आणि गोजराबाईकडे बोट दाखवलं.

गोजराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड उघडलं होतं तिनं. पण मग तिच्या ध्यानात आलं, की पोरगी खरं बोलली असती तरी तिला संध्याकाळी त्याच घरात जेवायचं होतं, त्याच चुलीपाशी. ती खाली बसली.

"हो पाटील," ती म्हणाली, "माहाच हात जास्त लागला. मंग भरून द्याचं बी माह्याच अंगावर हाय. जखम भरेपरेंत पोरगी माह्या घरी राहीन."

"भरली का लगेच परत धाडाची," पाटील म्हणाले. कस्तुराबाईनं मान हलवली. खाणारं एक तोंड कमी झालेलं तिला चालणारच होतं.

त्या दिवसापासून गोजराबाईला कोणी बोलावलं नाही. ती शेंगा फोडायला, निंदायला जाऊ लागली. अनसू खायची, झोपायची, क्वचित हसायचीही. मात्र जखम काही भरेना. तेल बदललं, निवळी बदलली, हळद लावून पाहिली. खपली धरायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओलं. मनातून गोजराबाईला बरंच वाटत होतं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटत होती.

एका दुपारी ती निंदणाहून लवकर आली. अनसू घरामागे बसून नखानं खपली उचकटत होती. दात ओठांत रुतवले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काहून वं माय? काहून असं करून राह्यली?"

"सुकलं तं मले जा लागंन," अनसू म्हणाली.

गोजराबाईनं तिथंच बसकण मारली आणि मोठ्यानं रडली. शेजारणी धावत आल्या. त्यांच्यासमोरच तिनं पोरीला कडेवर उचललं आणि चावडी गाठली. "मी खोटं बोलली होती, पाटील," ती म्हणाली, आणि पोर काय करत होती ते सांगितलं.

मारोतराव बराच वेळ पानाला चुना लावत राहिले. पान काही खाल्लं नाही. मग त्यांनी अनसूला विचारलं. गोजराबाईच्या मांडीवर बसून, या खेपेला चुलती समोर नसताना, ती एवढंच बोलली, "उलथन्यानं. दूध उतू गेलं म्हून."

पाटलांनी जगदेवला बोलावून मंगरूळच्या ठाण्याची भीती घातली. पोरगी गोजराबाईची झाली, तिच्या बापाचं शेतवावर जगदेवचं झालं, आणि तेवढ्यावर मिटलं. कस्तुराबाईला कोणी एका शब्दानं बोललं नाही. पुढे सात-आठ सुना-नातवंडांत ती सुखानं म्हातारी झाली. मला अजून त्याचा राग येतो. गोजराबाईनं पुन्हा कधी कोणाला डागलं नाही.

चावडीवरून घरी येताना ती पोरीला सारखी सांगत होती, "आता तुले कोनी नेत नाही. इथंच राहाचं, माह्यापाशी."

दाराशी आल्यावर अनसूनं हळूच विचारलं, "मंग आता होऊ का मी बरी?"