नवरा-बायकोची खोली

मुरारीचा आवाज मुळातच मोठा. लहानपणी कोंढा गावाजवळच्या तलावावर बापासोबत जाळं ओढताना या काठावरून त्या काठाला हाक मारायची सवय लागली, ती तशीच गळ्यात राहिली. पुढे तलावाचा ठेका दुसऱ्यांकडे गेला, बाप वारला आणि मुरारी बायकोला, रंजूला, घेऊन तालुक्याच्या गावी आला. आधी एका राईस मिलवर चौकीदार होता. मग एका संस्थेनं बेघरांसाठी निवारा केंद्र सुरू केलं, तिथं काळजीवाहू म्हणून लागला. हा शब्द त्याला त्याच दिवशी कळला.

"कायची काळजी वाहायची जी?" त्यानं विचारलं होतं.

संस्थेचे व्यवस्थापक इश्वरभाऊ म्हणाले, "किल्ल्यांची."

केंद्र बस स्टँडच्या मागच्या गल्लीत. बैठी इमारत, मधे पडवी, डावीकडे पुरुषांचा हॉल, उजवीकडे बायकांचा. लोखंडी खाटा, धुतलेली ब्लँकेटं, आंघोळीला गरम पाणी. आणि एवढं सगळं असून निम्म्या खाटा रिकाम्या. बाहेर स्टँडवर मात्र फरशीवर माणसं झोपलेली. हे पाहून मुरारीचं डोकं फिरायचं. थंडीच्या दिवसात तो संध्याकाळी स्टँडवर जाऊन एकेकाशी वाद घालायचा.

"चल ना बाप्पा आत. फुकट आहे."

"हातगाडी आत घेता का?" भंगार गोळा करणारा विचारायचा.

"गाडी नाही घेत."

"मंग गाडी कोण राखन? सकाळी गाडी नसली तर मी खाऊ काय?"

दुसऱ्याजवळ कुत्रा होता, कुत्र्याला मनाई. तिसऱ्याची लहान पोरगी होती, आईविना. तिला बायकांच्या हॉलात एकटी टाकायला बाप तयार नव्हता आणि पुरुषांच्या हॉलात तिला प्रवेश नव्हता. प्रत्येकाचं म्हणणं मुरारीला पटायचं आणि म्हणूनच तो जास्त चिडायचा. येऊन रिकाम्या खाटांवरची ब्लँकेटं उगाच झटकायचा.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर चंद्रभान आणि जानकीबाई आले.

चंद्रभान विणकर. त्याच गावात, भाड्याच्या दोन खोल्यांत त्याचा हातमाग होता. एका खोलीत माग, दुसरीत संसार. घरमालक होता तोवर चाललं. तो गेल्यावर त्याच्या मुलांनी जागा बिल्डरला दिली. माग उकलून त्याची लाकडं एका नातेवाइकाच्या घरामागच्या छपरीत टाकली आणि नवरा-बायको नागपूरला मुलीकडे, रेणूकडे गेले. रेणूचं घर म्हणजे एक खोली, त्यात सासू, नवरा, दोन मुलं. जावई काही बोलला नाही, पण रोज रात्री तो झोपायला मित्राकडे जायला लागला. तेव्हा जानकीबाईंनीच पिशव्या भरल्या. परत येऊन काही दिवस ते एका देवळाच्या मंडपात राहिले. मग विश्वस्तांनी मंडपाला जाळीचं दार बसवलं.

मुरारीनं त्यांना चहा दिला आणि खाटा दाखवल्या. म्हाताऱ्याला डावीकडे, म्हातारीला उजवीकडे.

"हिले तिकडे अन मले इकडे? काहून?" चंद्रभान म्हणाला. "आमी का भांडलो का?"

"नियम आहे जी."

"मंग आमी पडवीतच बरे."

"पडवीत थंडी वाजन! बाबाजी, आत गादी आहे, ब्लँकेट आहे..."

जानकीबाई मधे पडल्या. "भाऊ, याइच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. अंधार झाला का काहीच दिसत नाही. रातच्याले उठले का हात धरा लागते. तुमच्या हॉलात कोण धरन?"

"रातपाळीचा माणूस आहे ना."

"तो तर आताच घोरून राहिला," असं म्हणून त्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट केलं. खोटं नव्हतं.

ती दोघं पडवीत झोपली. दोन्हीकडे उघड्या दारांतून रिकाम्या खाटा दिसत होत्या.

सकाळी मुरारी इश्वरभाऊंकडे गेला. इश्वरभाऊ वाईट माणूस नव्हते. पण त्यांना वरून विचारणा होण्याची फार भीती वाटायची. ते म्हणाले, "आपलं केंद्र दोन प्रकारचं आहे. पुरुष आणि महिला. नवरा-बायको हा प्रकारच नाही."

"पण साहेब, बेघर होतात तवा जोडीनंच होतात ना?"

"ते मला मान्य आहे. पण नियमात बसत नाही. समजावून सांग त्यांना."

मुरारीनं समजावून सांगितलं. रोज सांगितलं. ओरडून सांगितलं. चंद्रभान अडून बसला की बसला. "आमाले का चोरी करायची आहे? एका जागी निजायचं आहे फक्त." दिवसा तो ओळखीच्या मागांवर जाऊन बसायचा, डोळ्यांनी जमत नसलं तरी सूत उकलून द्यायचा. जानकीबाई एका घरी भांडी घासायच्या. संध्याकाळी दोघं पुन्हा पडवीत. थंडी वाढली तसा म्हातारा खोकायला लागला.

मुरारी घरी जाऊन चरफडायचा. "किती अडेल बुढा आहे! मरन पडवीत, अन नाव माह्यावर येईन."

एक दिवस रंजूनं पोळी लाटता लाटता लाटणंच खाली ठेवलं. "तुमी माह्यावर कायले ओरडून राहिले? नियम मी केला का? तिथं तिसरी खोली आहे म्हणता ना, मंग उघडा ना ते."

तिसरी खोली म्हणजे सामानाची. संस्थेचे जुने फलक, मोडक्या खुर्च्या, कुठल्याशा शिबिराच्या उरलेल्या टोप्यांची खोकी. दुसऱ्या दिवशी मुरारीनं कोणाला न विचारता सगळं सामान उचलून पुरुषांच्या हॉलच्या रिकाम्या टोकाला लावलं. दोन खाटा आणून एकमेकींना भिडवल्या. जानकीबाईंनी खिडकीला जुनं पातळ बांधलं. चंद्रभान खाटेवर बसला, भिंतीला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "ओल आहे इथं."

"बाबाजी!" मुरारी एवढ्या जोरानं ओरडला की रातपाळीचा माणूस जागा झाला.

इश्वरभाऊंना कळलं तेव्हा ते भडकले. सामान पुन्हा आत टाक म्हणाले. पण त्याच सुमारास अपेक्षा नावाची एक संशोधक नागपूरहून आली होती. वेगवेगळ्या देशांत माणसं बेघर का होतात आणि सरकारं त्यावर काय करतात, याचा अभ्यास चालला होता, त्यात आपल्या भागाचं काम तिच्याकडे. ती दोन्ही हॉल पाहून खोलीपाशी आली. जानकीबाई चंद्रभानच्या डोळ्यांत औषध घालत होत्या. अपेक्षा बराच वेळ त्यांच्याशी बोलली. मग बाहेर येऊन इश्वरभाऊंना म्हणाली, "हे फार चांगलं केलंत तुम्ही. बऱ्याच ठिकाणी जोडपी, कुटुंबं निवाऱ्यात येतच नाहीत, कारण त्यांना वेगळं करतात. ही सोय मी अहवालात जरूर घालणार."

इश्वरभाऊंचा चेहरा हळूहळू बदलला. "हो, आमचा तो विचार होताच," ते म्हणाले.

मुरारी चहा ठेवायला गेला. नंतर त्यानं अपेक्षाला चहा देताना विचारलं, "मॅडम, बाकीच्या देशात काय करतात?"

"काही ठिकाणी आधी घर देतात. व्यसन, कागदपत्रं, काम, सगळं नंतर विचारतात."

"आधी घर?"

"आधी घर."

"अन आपल्याकडं घरकुल पाहिजे तर आधी सोताची जागा पाहिजे. ज्याच्यापाशी जागाच नाही तो काय आभाळात बांधन?"

अपेक्षानं वही काढली. तिनं ते लिहून घेतलं.

ती गेल्यावर इश्वरभाऊंनी खोलीचं कौतुकच मांडलं. तिला 'कुटुंब कक्ष' असं नाव ठेवलं. रंग द्यायचा, पाहुणे बोलवायचे, उद्घाटन करायचं. रंग वाळेपर्यंत बुढा-बुढींनी दोन-चार दिवस बाहेर काढावेत. मुरारीनं त्यांना हे सांगितलं तेव्हा जानकीबाई हसल्या. "आमच्याच खोलीचं उद्घाटन, अन आमीच बाहेर?" तरी गेल्या पडवीत.

उद्घाटन झालं. फीत कापली, पेढे वाटले. चंद्रभानलाही एक पेढा मिळाला. पाहुणे गेले आणि इश्वरभाऊंनी खोलीला नवं कुलूप लावून किल्ली खिशात टाकली.

"साहेब, हे काय?"

"कक्षाची नियमावली व्हायची आहे. लग्नाचा पुरावा काय घ्यायचा, किती दिवस ठेवायचं, हे ठरल्याशिवाय कोणाला देता येणार नाही."

"त्याइच्या लग्नाचा पुरावा? साहेब, त्याइची पोरगी चाळिशीची आहे!"

"मुरारी, आवाज कमी."

मुरारी रोज विचारायला जायचा. नियमावली आली का? नाही. आली का? बैठक आहे. बैठक झाली का? पुढं गेली. शेवटी त्यानं अपेक्षाला फोन लावला. "मॅडम, तुमी ते खोली कागदावर घेतली. ते बंद आहे. बुढा पडवीत खोकून राहिला."

अपेक्षा म्हणाली, "मी हे अहवालात दुरुस्त करते. आणि इश्वर सरांशी बोलते."

ती खरंच बोलली. इश्वरभाऊंनी तिला "लवकरच" असं उत्तर दिलं. त्यांच्या 'लवकरच'चा अर्थ मुरारीला ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याला ताप होता. जानकीबाई त्याच्या पाठीवर आपलं लुगडं पांघरवून, स्वतः कुडकुडत बसल्या होत्या. मुरारीनं पाहिलं. एक शब्द बोलला नाही, आणि हेच रातपाळीच्या माणसाला भीतिदायक वाटलं. मुरारी घरी गेला, पेचकस घेऊन आला आणि खोलीच्या दाराची कडी चारही स्क्रू काढून मुळासकट उपटली. कुलूप तसंच, लावलेलंच, कडीला लटकत राहिलं. ते त्यानं नेऊन इश्वरभाऊंच्या टेबलावर ठेवलं.

"कुलूप तोडलं नाही जी. पाहून घ्या."

"तू काय केलंस हे तुला कळतं का?"

"हाव. दार उघडलं."

"उद्यापासून येऊ नको."

"नाही येत!" असं म्हणून तो निघाला, आणि दारातून परत वळून म्हणाला, "पण आज त्याले दवाखान्यात नेतो, मंग जातो."

सरकारी दवाखान्यात चंद्रभानला तीन दिवस ठेवून घेतलं. मुरारी घरी बसला. रंजू म्हणाली, "आता घरात ओरडाले दिवसभर मोकळे." पण ती त्याच्यावर रागावली नाही. संध्याकाळी डबा घेऊन तीच दवाखान्यात गेली.

केंद्रावर नवा माणूस आला आणि संडास साफ करायची वेळ आली तेव्हा गेला. दुसरा आला, तोही टिकला नाही. कडी परत बसवायची कोणालाच पडली नव्हती, त्यामुळे दवाखान्यातून सुटल्यावर जानकीबाई नवऱ्याला घेऊन सरळ त्या खोलीत शिरल्या. इश्वरभाऊ समजवायला गेले तर त्या म्हणाल्या, "साहेब, काढाचं असन तर तुमी सोता हात धरून काढा." इश्वरभाऊंच्यानं ते झालं नाही. ते तसेच निघून गेले. महिना व्हायच्या आत त्यांनी मुरारीला निरोप धाडला. मुरारी आला. दोघांपैकी कोणीच कडीचा विषय काढला नाही.

संक्रांतीला रेणू तिळाचे लाडू घेऊन भेटायला आली. खोली पाहून पदरानं डोळे पुसत म्हणाली, "चांगलं आहे इथं, बाबा." चंद्रभान म्हणाला, "चांगलं काय आहे? माग कुठं लावू?"

हे ऐकून मुरारी पुन्हा चिडला. आता यांना मागही पाहिजे! पण पुढच्या रविवारी तोच म्हाताऱ्याचा हात धरून विणकरांच्या मोहल्ल्यात भाड्याची खोली पाहायला निघाला. पहिला मालक म्हणाला, मागाचा खटखट आवाज नको. दुसरीनं म्हाताऱ्याचे डोळे पाहिले आणि म्हणाली, उद्या काही झालं तर कोण निस्तरणार? तिसऱ्यानं खोली रिकामी असूनही दिली गेली म्हणून सांगितलं. मुरारी तिघांशीही भांडला. चंद्रभान शांतपणे बाजूला उभा राहायचा आणि भांडण संपलं की म्हणायचा, "चल, पुढच्या गल्लीत पाहू."

खोली अजून मिळालेली नाही. मागाची लाकडं अजून छपरीतच आहेत, एका वाशाला वाळवी लागली आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मुरारीनं दोनदा घेतली आणि दोन्ही वेळा चंद्रभाननं टाळली. आधी खोली, मग डोळे, असं त्याचं म्हणणं. मुरारी म्हणतो, "बाबाजी, डोळे असतीन तर खोली देईन ना कोणी!" जानकीबाई भांडी घासायला निघताना दोघांनाही सांगतात, "हळू बोला, बाजूचे झोपले आहेत." आणि रविवार आला की मुरारी तणतणत चपला घालतो आणि म्हाताऱ्याला घेऊन पुढची गल्ली धरतो.